टाकी आतून सडते

सकाळी सहा. मे महिन्यात जालन्यात पेट्रोलच्या कामाला हात लावायचा तर याच वेळेला. आठनंतर अंगणातली फरशी तापते आणि पेट्रोलची वाफ आवरत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत जाते, उंबरठा ओलांडून आत शिरते आणि शेगडीपर्यंत पोचली तर घर वाचत नाही. म्हणून आधी आईचा चहा होऊ दिला, देवापुढचं निरंजन शांत होऊ दिलं, मग गाडी ढकलत अंगणाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली नेली. मोबाइल घरातच ठेवला.

गाडी अण्णांची. हीरो होंडाची जुनी स्प्लेंडर. बदनापूरकडच्या मळ्यात मोसंबीचे क्रेट तिनं वाहिले, खताच्या गोण्या वाहिल्या, आम्हा भावंडांना परीक्षेला नेलं. अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. टाकीत त्या वेळी पाव भाग पेट्रोल होतं. तीच अर्धवट टाकी आजच्या गळतीचं मूळ.

शेडचा पत्रा दुपारी तापतो तेव्हा टाकीतली हवा फुगून झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. रात्री मळ्यात गारवा आला की टाकी बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर दमटपणा येतो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. आतल्या थंड पत्र्यावर दवासारखं पाणी धरतं आणि ओघळून तळाला जातं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे एकदा तळाला गेलं की वरच्या पेट्रोलखाली ते सुखानं बसून राहतं. वर झाकणाचं रबर वाळून कडक झालेलं, म्हणजे पावसाच्या पाण्यालाही वाट मोकळी.

कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढली, ती पत्र्याच्या डब्यात सोडली आणि कॉक उघडला. शेवटचं पेट्रोल मुद्दाम काचेच्या बाटलीत धरलं आणि बाटली ओट्यावर ठेवून दिली. पाच-दहा मिनिटांत तीन थर वेगळे झाले. वर नारंगी पेट्रोल, शिळं झाल्यानं गडद पडलेलं. मध्ये ढगाळ पाण्याचा बोटभर पट्टा. तळाला तांबडा गाळ. गाडी का गळते याचं सगळं उत्तर त्या बाटलीत होतं. अण्णांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

इथेनॉलबद्दल हल्ली प्रत्येक गॅरेजात बोलणं निघतं, म्हणून एवढं सांगतो. महाराष्ट्रात २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशात १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन जळूनही जातं. पण पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाला उतरतात, आणि ते मिश्रण लोखंडाला साध्या पाण्याहून वाईट. रोज फिरणाऱ्या, आठवड्याला टाकी भरणाऱ्या गाडीला यातलं काही सहसा बाधत नाही. उभ्या गाडीला बाधतं. दोष इंधनाला द्यायच्या आधी गाडी किती महिने हलली नाही ते विचारावं, असं माझं मत आहे.

सात. साइडची झाकणं आणि सीट काढलं. टाकीचा मागचा एक बोल्ट सोडवला की टाकी मागे ओढून पुढच्या रबरांमधून सुटते. पालथी करून गोधडीवर ठेवली. उजव्या अंगाला, जोडाच्या जरा वर, तांबूस डाग आणि त्याच्या मध्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र.

उजवीकडेच का? टाकी फ्रेमच्या पाइपावर स्वार असते, तिच्या पोटातून उंचवटा गेलेला असतो आणि तळाला डावा-उजवा असे दोन खळगे होतात. कॉक डावीकडे. डावीकडचं पाणी निदान कॉक काढल्यावर तरी निघतं. उजव्या खळग्यातलं पाणी उंचवट्याच्या खाली असेल तर त्याला बाहेर पडायला वाटच नाही. वर्षानुवर्षं ते तिथंच बसतं. जुनी गाडी घेणाऱ्यानं टाकीत बॅटरी मारून पाहायचं ते याच कोपऱ्यात.

शेजारचे काका फुलं तोडायला आले होते. म्हणाले, “एम-सील लाव ना, कशाला एवढा कुटाणा?” एम-सील वाईट नाही. साबणही वाईट नाही. रस्त्यात गळती लागली तर साबणाची वडी छिद्रावर घासायची, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, गाडी घरापर्यंत येते. पण एम-सील धरतं ते गंजाला, पत्र्याला नाही. आतून पत्रा खात खात गंज त्याच्या कडेनं पुन्हा बाहेर येतो, आणि मग टाचणीएवढ्या छिद्राच्या जागी करंगळी जाईल एवढं भगदाड असतं. छिद्र ही शेवटची गोष्ट. आधी आतला गंज, मग छिद्र, हा क्रम सोडला की सगळी मेहनत वाया. काकांना दाभण दिलं आणि छिद्राच्या आसपास हलकं टोचायला सांगितलं. दोन ठिकाणी दाभण आत गेलं. मग ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

आठ. धुणं. गरम पाणी आणि धुण्याची पावडर टाकीत घालून हलवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. इथं घाई करणाऱ्याला मी टाकीजवळ उभं करणार नाही. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीनं पेटते. भरलेल्या टाकीपेक्षा “रिकामी” टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पत्र्याच्या जोडात, गंजाच्या पापुद्र्याखाली पेट्रोल दडून बसतं आणि ऊन लागलं की पुन्हा वाफ सोडतं. सकाळी वास नव्हता म्हणून दुपारी वेल्डिंग केलं आणि टाकी फुटली, असं गॅरेजवाल्यांकडून कुठंही ऐकायला मिळतं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पहिली धुणी बोअरच्या पाण्याची, शेवटची जारच्या. बोअरचं पाणी क्षारांचं. ते आत वाळलं तर गंजाला आमंत्रणच. पेट्रोलचा तवंग असलेलं पाणी मोरीत सोडलं नाही, झाडाच्या बुंध्यालाही नाही. दूरच्या कोपऱ्यात उघड्या घमेल्यात ठेवलं. तेल वर येतं ते वेगळं काढता येतं.

मग खरवडणं. काही जण खडी घालतात. क्रशरची काळी कच धारदार असते, गंज चांगला निघतो, पण चार खडे आत अडकून राहतात आणि पुढं कॉकची जाळी तोडतात. मी जुन्या गाडीची चेन घेतो, तिच्या टोकाला तार बांधतो आणि तार बाहेर ठेवतो. टाकी गोधडीत गुंडाळायची म्हणजे रंगाला ओरखडा नाही, आणि दोघांनी मिळून हलवायची. एका बाजूला मी, एका बाजूला अण्णा खुर्चीत बसून. चेन उंचवट्यावरून पलीकडे पडते तेव्हा जो आवाज येतो त्यावरून कळतं पत्रा कुठं भक्कम आहे. चांगल्या पत्र्यावर खणखणीत, कुजक्या जागी बद्द. पाणी ओतलं की चहाच्या चोथ्यासारखा काळपट-तांबडा गाळ घमेल्यात पडतो. पाणी फिकं होईपर्यंत हे चालू ठेवायचं.

दहा वाजता लिंबूसत्त. कादराबादेतल्या किराणा दुकानात किलोची पिशवी मिळते. टाकी साधारण दहा लिटरची, तिला एक किलो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरणारे पुष्कळ आहेत, ते झटपट काम करतं, पण ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, धूर छातीत जातो, आणि रिकामं केल्यावर बघता बघता आतला पत्रा पुन्हा नारंगी होतो. लिंबूसत्त सावकाश चालतं. बंबातलं गरम पाणी घेतलं तर त्याचा वेग वाढतो, आणि मग मेचं ऊन आहेच. छिद्रांना सायकलच्या ट्यूबचं रबर, वायसर आणि स्क्रू. कॉकच्या तोंडाला बूच. टाकी काठोकाठ भरली, कारण छताच्या आतल्या बाजूलाही गंज असतो. झाकण लावलं नाही. आम्ल लोखंडाशी भिडलं की थोडा हायड्रोजन सुटतो, त्याला जायला वाट हवी.

उसाच्या मळीनंही गंज सुटतो. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे धीर. अंबड-घनसावंगीकडच्या उसाच्या पट्ट्यात मळी मिळणं अवघड नाही. मळीतून इथेनॉल निघतं, इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, आणि तीच मळी टाकीचा गंजही सोडवते, हे मला फार विलक्षण वाटतं.

अकरा ते दोन करण्यासारखं विशेष काही नाही. जेवण झालं, टाकी एकदा हलकेच हलवली. पाणी आधी पिवळसर, मग हिरवट झालं. लोखंड विरघळतंय.

गंज थांबत का नाही, हे कळलं की हे सगळं का करायचं ते कळतं. तांब्यावर, जस्तावर जो थर धरतो तो बऱ्यापैकी घट्ट असतो, खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याखाली पाणी शिरून नवं लोखंड उघडं पडतं. गंज गंजाला जागा करून देतो. म्हणून वरवर घासून भागत नाही.

आमचं शहर तर लोखंडावरच उभं. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळ्या होतात आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये जातात. भंगाराच्या ट्रकमध्ये मोटरसायकलच्या टाक्या नेहमी दिसतात. त्यातल्या कितीतरी एका छिद्रापायी तिथं पोचलेल्या असतात. भट्टीत लोखंड वाया जात नाही हे खरं. पण टाकीचा दाबलेला आकार, तिचे जोड, रंग, त्यावर अण्णांच्या मांड्यांनी पडलेली झिलई हे सगळं वितळून एक सळी होते, आणि एका दिवसाच्या कामात ते वाचत असेल तर वाचवावं.

तीन. आतलं पाणी बादलीत ओतलं, त्यात खायचा सोडा टाकला, फेस उठला, फेस थांबेपर्यंत टाकत राहिलो. बॅटरीच्या उजेडात टाकीचं पोट पाहिलं. करडा, स्वच्छ पत्रा. उजव्या खळग्यात थोडे काळे डाग, ते राहणारच. आणि गंजानं बुजलेली आणखी छिद्रं उघडी पडलेली. एक टाचणीचं छिद्र होतं तिथं आता चार होती, सगळी अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. आम्लाच्या आधी डाख लावला असता तर ही तीन नंतर फुटली असती.

आता वेळ नाही. ओल्या उघड्या लोखंडावर काही मिनिटांत नारंगी छटा धरते. म्हणून लगेच धुण्याच्या सोड्याचं पाणी. अशा अल्कधर्मी पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही, तेवढा आसरा पुढच्या कामापुरता पुरतो.

साडेतीनला मामू आले. अंबड चौफुलीकडे त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे रेडिएटर झाळले. पितळेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले तसा धंदा आटला, पण हात तोच. गॅसचं वेल्डिंग त्यांना टाकीसाठी मान्य नाही. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, कुजलेल्या कडेला ज्योत लागली की छिद्र वाढत जातं, रंग जळतो तो वेगळाच. कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आत वितळतो आणि त्याला टाकीजवळ ज्योत लागत नाही.

मामूंनी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं नाही. “वासावर भरवसा नाही ठेवायचा, बेटा. पाण्यावर ठेवायचा. पालथी कर, पाणी भर, डाखाच्या खाली दोन बोटं सोड.” झाकणाखाली प्लास्टिक आणि रबर घालून ते घट्ट लावलं, कारण झाकणाला हवेचं छिद्र असतं. टाकी पालथी केली, कॉकच्या तोंडातून सोड्याचं पाणी भरलं. आता छिद्रं सगळ्यात वर, आणि टाकीत वाफेला त्या दोन बोटांपलीकडे जागाच उरली नाही. दोन बोटं रिकामी ठेवायची ती पाण्यानं उष्णता ओढून घेऊ नये म्हणून. कॉकचं तोंड उघडंच.

शेगडी पार दुसऱ्या टोकाला, वारा येतो त्या बाजूला. तिच्यात तांब्याचा जाड ठोकळा असलेली सळई तापत होती. मामूंनी पॉलिश पेपरनं छिद्रांभोवतीची जागा घासली, तीन बोटं रुंद, पांढरं लोखंड दिसेपर्यंत. “चमकलं नाही तर धरणार नाही,” एवढंच म्हणाले. मग बाटलीतलं मारलेलं अ‍ॅसिड. जुन्या सेलचं जस्ताचं कवच अ‍ॅसिडमध्ये टाकायचं, उकळी शांत झाली की अ‍ॅसिड “मेलं”. त्याचं जस्ताचं क्षारपाणी पत्र्यावरचा उरलासुरला मळ खाऊन डाखाला वाट देतं. कुंचल्यानं ते लावलं, तापलेलं तांबं नवसागराच्या वडीवर घासलं, पांढरा धूर निघाला, त्याचं टोक कथलानं चकाकलं. कल्हईवाल्याच्या भट्टीजवळ लहानपणी जो वास यायचा तोच.

आधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात फिरवला. मग गोडेतेलाच्या डब्याचा कापलेला तुकडा, कोपरे गोल केलेला. डब्याच्या पत्र्याला मुळातच कथील असतं, त्यामुळे तो लगेच धरतो. तुकडा बसवून मामूंनी तांबं वरून दाबलं आणि थांबले. क्षणभर काही नाही. मग तुकड्याच्या चारी कडांनी डाखाची चकचकीत रेघ एकदम बाहेर आली. तांबं उचललं, लाकडाच्या काडीनं तुकडा दाबून धरला. रेघेची चकाकी विझली, ती दुधाळ झाली, म्हणजे डाख बसला.

पाच. परीक्षा. तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा. कॉम्प्रेसर नको, टाकी फुगून बसते. साबणाचा फेस लावला. एका कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू मोठा झाला. मामूंनी पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा तांबं लावलं. दुसऱ्यांदा फेस जसाच्या तसा राहिला. पैसे द्यायला गेलो तर अण्णांकडे बघून कमीच घेतले. हात राखेनं, मग साबणानं धुतले. डाखात शिसं असतं, तसेच हात घेऊन चहाला बसायचं नाही.

साडेपाचला पाणी ओतून दिलं, डाखाची जागा सोड्यानं आणि ब्रशनं धुतली, कारण मारलेलं अ‍ॅसिड राहिलं तर तेच पुढं गंज धरवतं. शेवटची धुणी जारच्या कडकडीत पाण्याची. पत्रा इतका तापतो की स्वतःच स्वतःला वाळवतो. कॉकचं तोंड खाली करून टाकी उन्हात तापलेल्या पायरीवर ठेवली. मेची संध्याकाळ लांब, सातपर्यंत ऊब पुरते. खात्री करायला कापसाचा बोळा तारेला बांधून आत फिरवला, कोरडा आला. मग वाटीभर टूटी ऑइल आत घालून टाकी सगळ्या अंगांनी फिरवली. हे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं आणि तोवर उघड्या पत्र्याला झाकतं. आतून लावायचं इपॉक्सीचं अस्तर मी लावलं नाही. ते चांगल्या कोरड्या पत्र्यावरच टिकतं. दमट राहिलं तर पापुद्रे सुटून कॉक बुजतो आणि मग काढताही येत नाही.

सात. कॉकची जाळी नवी, झाकणाचं रबर नवं, नळीत पारदर्शक फिल्टर. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तिच्यातही तांबडा गाळ, जेट सुईनं न टोचता फुंकून साफ केला. सकाळचं शिळं पेट्रोल गाडीत घातलं नाही, ते चेन धुवायला. माझ्या स्कूटरमधून थोडं ताजं काढून घातलं. पहिल्या किकांना काही नाही, मग तेलाचा निळसर धूर सोडत गाडी सुरू झाली. तुकड्याखाली वर्तमानपत्र धरलं. कोरडं.

अण्णा मागे बसले आणि आम्ही पंपावर गेलो. टाकी भरायची, कारण भरलेल्या टाकीत हवा कमी आणि दमटपणाला जागा कमी. पोऱ्या काठोकाठ भरू लागला तसे अण्णा म्हणाले, “बस बाबा, बोटभर ठेव. उद्या दुपारी फुगंल ते.”

गाडी आता मळ्यात ठेवायची नाही असं ठरलं. घरीच राहील, आणि आठवड्यातून एकदा तरी मी तिच्यावर जालना-बदनापूर करीन. तुकड्यावर उद्या प्रायमर, परवा रंग. महिनाभर फिल्टरवर लक्ष. त्यात तांबडं दिसलं तर टाकी पुन्हा उतरवायची.